आधी नशा सोडावी लागेल का?

मुंबईत फुटपाथवर, पुलाखाली राहून गर्द (अफूपासून बनणारी ब्राउन शुगर) ओढणाऱ्यांशी टीबीच्या तपासणीबद्दल बोलायला बसलं की फिरून फिरून एकच शंका येते : "मॅडम, टीबी निघाला तर आधी माल बंद करायला लावतील ना? मग नकोच ती तपासणी." टर्की, म्हणजे माल न मिळाल्यावर अंग मोडून काढणाऱ्या यातना, ज्याने भोगल्यात त्याला टीबीपेक्षा तिचीच धास्ती जास्त.

सुभाष (नाव बदललंय) सायनच्या बाजूला असायचा. वय चाळिशीच्या आत, दिसायला पन्नाशीचा. एक्स-रेची गाडी आली की हा रस्त्याच्या पलीकडे. "खोकला आहे का?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "अजिबात नाही." आणि तो खोटं बोलत नव्हता.

'आधी सोड, मग ये' ही भाषा मला कधीच पटली नाही. माणूस जसा आहे तसा, नशेसकट, समोर बसवायचा. त्यामुळे आमच्या गप्पा बरेच दिवस जेवण, झोप, गावाकडची आई यांवरच चालल्या. त्यातच एकदा विचारलं,

"सुभाषभाऊ, सकाळी माल मिळायच्या आधी कसं असतं?"

"तेव्हा? खोकून खोकून जीव जातो. ओढला की गप."

"काय गप होतं?"

"खोकला." मग बराच वेळ काहीच नाही. पायातली चप्पल काढली, परत घातली. "म्हणजे तो आहेच ना मॅडम? मालाने झाकलाय फक्त."

मी गप्पच राहिले. हे वाक्य माझ्या तोंडून आलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि उठून गेला असता.

अफूच्या कुळातले पदार्थ खोकल्याची उबळ दाबतात. कोडीन खोकल्याच्या औषधात असतं ते त्याचसाठी. म्हणून 'दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का' एवढंच विचारलं तर गर्द ओढणारे सहज निसटतात. त्यांचा एक्स-रे खोकला नसला तरी काढायला हवा. आमच्या गटातले सगळेच आता 'मालाच्या आधीची सकाळ' विचारतात. हा प्रश्न माझा, हे सांगायला मला आवडतं.

सुभाषच्या एक्स-रेत डाग दिसला, बेडक्याच्या तपासणीत टीबी पक्का झाला.

आता मूळ शंका. नाही, नशा सुटेपर्यंत टीबीच्या गोळ्या अडत नाहीत. साध्या टीबीचे उपचार सहसा 6 महिन्यांचे, सरकारी केंद्रात मोफत. पण डॉक्टरांपासून नशा लपवू नका. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे ब्युप्रेनॉर्फिनचा, म्हणजे गर्दऐवजी डॉक्टर देतात त्या गोळीचा, असर कमी होतो. ओएसटीवर, म्हणजे अशा गोळीच्या उपचारावर, असलेल्याला टर्की येते, तो दोष टीबीच्या गोळ्यांना देतो आणि त्याच सोडतो. आधी सांगितलं तर डॉक्टर डोस बघून देतात. दारूही असेल तर यकृत तपासून घ्या. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दाखवा. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, तो औषधाचाच रंग. पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात येतात. खातं नसेल तरी उपचार सुरू करा, खात्याचं मागाहून बघू.

फुटपाथवर गोळ्या भिजतात, चोरीला जातात. सुभाषने त्या ओळखीच्या चहावाल्याकडे ठेवल्यात. सकाळी आधी गोळ्या, मग चहा. ओढणं चालूच आहे, थोडं कमी. त्याच्या शेजारी झोपणाऱ्यांनाही तपासायचं होतं. दोघे आले, तिसरा अजून 'उद्या' म्हणतोय.