स्टॅकमधली यादी उघडी ठेवू नका

प्रश्न : जावात अ‍ॅरेलिस्ट (तयार यादीचा क्लास) एक्स्टेंड करून, म्हणजे त्याचा वारस म्हणून, मी स्टॅकचा क्लास लिहिला. पुश (वर ठेवणं), पॉप (वरचं काढणं) व्यवस्थित चालतात, तरी सरांनी मार्क कापले. का? – विद्यार्थी, नांदेड

उत्तर : सरांचं बरोबर आहे. एक्स्टेंड केल्याबरोबर अ‍ॅरेलिस्टच्या सगळ्या मेथड, म्हणजे त्याला करता येणारी कामं, तुमच्या स्टॅकला चिकटल्या. आता कुणीही अ‍ॅडला शून्य इंडेक्स देऊन तळाशी काहीही घुसवेल, नाहीतर रिमूव्हने मधलंच उपटेल. शेवटी आलेलं आधी बाहेर, हा स्टॅकचा एकच नियम, आणि तो मोडायची सोय तुम्हीच करून दिलीत. यादी क्लासच्या आत प्रायव्हेट ठेवा. बाहेर पुश, पॉप, पीक (वरचं न काढता पाहणं) आणि ‘रिकामा आहे का’ एवढंच द्या. जावाचा स्वतःचा जुना स्टॅकही व्हेक्टर या जुन्या यादीच्या क्लासवरून एक्स्टेंड केलेला आहे, त्यामुळे त्यातही हीच फट आहे. जावाचं डॉक्युमेंटेशनच आता डेक (दोन तोंडांची रांग) वापरा म्हणतं. आत अ‍ॅरेडेक हा डेकचा तयार क्लास घ्या, पण तोही प्रायव्हेटच, कारण डेकला दोन्ही तोंडांनी भरता-काढता येतं.

प्रश्न : मोंढ्यातल्या आडत दुकानासाठी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर करतोय. ‘अनडू’साठी प्रत्येक बदलाआधी पट्टी स्टॅकवर पुश करतो, पण अनडू केल्यावर काहीच बदलत नाही. – लातूर

उत्तर : तुम्ही पट्टीची प्रत नाही, तिचा रेफरन्स, म्हणजे फक्त पत्ता, पुश करताय. स्टॅकवर दहा नोंदी दिसल्या तरी दहाही त्याच एका ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात. प्रत काढून पुश केलीत तर चालेल. मला मात्र दुसरी रीत जास्त पटते : पट्टी नको, बदल साठवा. सोयाबीनचा भाव 4300 चा 4350 केला, तर ‘भावबदल’ नावाचं ऑब्जेक्ट तयार करा. त्यात जुना भाव, नवा भाव आणि ‘करा’, ‘उलटवा’ या दोन मेथड. वजन, हमाली, तोलाई यांचे क्लास वेगळे, इंटरफेस एकच, म्हणजे ‘करा’ आणि ‘उलटवा’ सगळ्यांत. अनडू म्हणजे पॉप करा, उलटवा आणि तेच ऑब्जेक्ट ‘रिडू’च्या (उलटवलेलं पुन्हा करण्याच्या) स्टॅकवर ठेवा. नवा बदल झाला की रिडूचा स्टॅक रिकामा करायला विसरू नका. नाहीतर जुना भाव नव्या नोंदीवर येऊन बसेल, आणि इथे ती चूक थेट शेतकऱ्याच्या पैशात उतरते.

प्रश्न : रिकाम्या स्टॅकवर पॉप केलं तर -1 परत द्यावा का? – परभणी

उत्तर : नको. -1 हा स्टॅकमधला खरा आकडाही असू शकतो, मग ओळखणार कसं? एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, फेका. जावाचा स्टॅक आणि पायथनची लिस्टही तेच करतात. आणि पडद्यावरचं अनडूचं बटण स्टॅक रिकामा असेपर्यंत बंदच ठेवा.