शिक्षकांना शिकवणारे कोण? : प्रश्नोत्तरे

तंत्रज्ञानाच्या साहाय्याने भाषा कशी शिकवावी, या विषयावरील कार्यशाळा शाळाशाळांतून वाढल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. कार्यशाळेत काय दाखवणार याची चौकशी सर्वजण करतात. दाखवणाऱ्याने स्वतः काय शिकले आणि कोणाला शिकवले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

प्रश्न : अशा प्रशिक्षकाकडे संगणकशास्त्राची पदवी असलीच पाहिजे का? (प्राथमिक शिक्षिका, वाळपई)

नाही.

प्रश्न : प्रशिक्षकांनी दिलेली मराठी टिपणे भ्रमणध्वनीवर उघडली की निरर्थक अक्षरे दिसतात. दोष आमच्या यंत्राचा आहे का? (शिक्षक, काणकोण)

बहुधा नाही. टिपणे युनिकोड या सर्व यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असावीत. ती युनिकोडमध्ये मागून घ्या.

प्रश्न : एक कंपनी आमच्या शाळेत मोफत कार्यशाळा घेणार आहे. प्रशिक्षकाकडे एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीचे प्रमाणपत्र आहे. एवढे पुरेसे मानावे का? (मुख्याध्यापक, पेडणे)

पुरेसे मानू नये, आणि याचे कारण मी सविस्तर सांगतो. कंपनीचे प्रमाणपत्र तिची साधने वापरता येतात एवढे सांगते. मूल दुसरी भाषा कशी शिकते, हे त्या व्यक्तीला ठाऊक आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 मध्ये विषयज्ञान आणि तो विषय शिकवण्याचे ज्ञान यांतला फरक मांडला. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या संशोधकांनी 2006 मध्ये त्यात तंत्रज्ञानाची जोड दिली, तेव्हाही तिन्ही ज्ञानांचा मेळ हाच त्यांच्या मांडणीचा गाभा होता. आपल्याकडच्या अनेक कार्यशाळांत तिसरे तेवढे उरते आणि पहिल्या दोहोंचे नावही निघत नाही.

गोव्यात ही उणीव अधिक बोचते. घरी कोंकणी बोलणारे मूल मराठी माध्यमाच्या शाळेत येते आणि ‘मला’च्या जागी ‘म्हाका’ लिहून जाते. भाषाशिक्षणाचा अभ्यास केलेला प्रशिक्षक शिक्षकांना सांगेल की हा निष्काळजीपणा नव्हे. दोन भाषांच्या मधल्या टप्प्यावर शिकणाऱ्याची स्वतःची एक व्यवस्था तयार होत असते. भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये याच अवस्थेला आंतरभाषा म्हटले. केवळ ॲप दाखवण्यासाठी आलेली व्यक्ती त्याच शब्दाखाली उमटलेली तांबडी रेघ दाखवते, ‘पाहा, यंत्राने चूक पकडली’ असे म्हणते आणि पुढे जाते. तेवढ्याने शिक्षकाचा दृष्टिकोन बिघडतो आणि मूल लिहायला कचरू लागते. याची मला खरोखर चिंता वाटते, कारण पहिली-दुसरीत बसलेली ही भीती काढायला पुढे फार कष्ट पडतात.

‘मोफत’ या शब्दाने भुलू नका. कार्यशाळेच्या शेवटी वार्षिक वर्गणीचा प्रस्ताव येतो का, आणि प्रशिक्षकाचे मानधन विक्रीवर अवलंबून आहे का, हे स्पष्ट विचारा. प्रशिक्षकाचे परिचयपत्र आधी मागवा व त्यात भाषेची पदवी, शिक्षणशास्त्राची पदवी आणि प्रत्यक्ष वर्गात शिकवलेली वर्षे शोधा. यांपैकी काहीच आढळले नाही, तर तारीख देण्यापूर्वी पर्वरीच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा सल्ला घ्या.

प्रश्न : मी वेर्ण्याला सॉफ्टवेअर अभियंता आहे आणि माझे मराठी चांगले आहे. काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमाने शिक्षकांचा प्रशिक्षक होता येते, असे ऐकले. खरे आहे का?

ऐकीव माहितीवर असे निर्णय घेऊ नयेत. एखाद्या सत्रासाठी साधनव्यक्ती म्हणून बोलावले जाणे वेगळे आणि शिक्षणशास्त्र महाविद्यालयात अध्यापक होणे वेगळे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार बी.एड.ला भाषेसारख्या विषयाचे अध्यापन शिकवणाऱ्या अध्यापकाकडे विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. या दोन्ही किमान 55 टक्क्यांसह असाव्या लागतात. जाहिरातीतला अभ्यासक्रम त्यांची जागा घेऊ शकत नाही. आपल्यासारख्यांची शाळांना गरज आहे, हे मी मनापासून लिहितो, परंतु आधी काही वर्षे वर्गात शिकवावे. नियम बदलत असल्याने पैसे भरण्यापूर्वी एखाद्या मान्यताप्राप्त शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटा.

प्रश्न : खासगी कार्यशाळेचे तास वर्षाच्या 50 तासांत धरले जातात का? (शिक्षिका, सांगे)

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाकडून दरवर्षी किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. आपले तास धरले जातील का, हे आयोजकांच्या तोंडी आश्वासनावरून ठरवू नका. शिक्षण खात्याकडून लेखी विचारून घ्या.

प्रश्न : आमच्या शाळेची कार्यशाळा दोन महिन्यांपूर्वी झाली. प्रशिक्षक शिक्षणक्षेत्रातले नव्हते, असे आता समजले. त्यांनी सरावासाठी आमच्याकडून विद्यार्थ्यांची नावे व आवाजाचे नमुने ॲपमध्ये भरून घेतले होते. काय करावे? (शिक्षिका, फोंडा)

हा प्रश्न नावे भरण्यापूर्वी यायला हवा होता, आणि कळल्यानंतरही आणखी वेळ दवडू नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. वर्गात शिकवलेल्या प्रशिक्षकाला खऱ्या मुलांची नावे न वापरता सराव घेणे सहज सुचले असते. मुख्याध्यापकांमार्फत कंपनीला माहिती पुसून टाकण्याचे पत्र आजच द्या, त्याची प्रत शाळेत ठेवा आणि पालक-शिक्षक संघाला झालेला प्रकार कळवा. उत्तर आले नाही, तर भागशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा आणि पुढील पाऊल वकिलाच्या सल्ल्यानेच टाका.