प्रोसेसर नंतर, आधी वायरी बघा

प्रश्न : माझ्याकडे रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे. १०८०पीवर नवे गेम अडखळतात. पैसे एकाच मोठ्या वस्तूपुरते आहेत. मित्र म्हणतो, प्रोसेसर बदल. बदलू का?

उत्तर : मित्राचं मन मोडू नका, पण एक चाचणी होईपर्यंत त्याचं ऐकूही नका. अडखळणारा गेम लावा, रिझोल्युशन ७२०पीवर आणा, बाकी सेटिंग्ज तशाच ठेवा. फ्रेम्स (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) भसाभस वाढल्या तर कार्ड दमलंय. हलल्याच नाहीत तर प्रोसेसर किंवा रॅम. माझी पैज कार्डावर आहे. २०१६ सालचं ते, मेमरी अवघी ४ जीबी.

८ जीबीचं आरएक्स ६६०० कार्ड बघा, जुनं चालत असेल तर वापरलेलंही. आरएक्स ६५०० एक्सटीच्या नादी मात्र लागू नका. त्याला पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या, चारच लेन आहेत आणि तुमच्या बोर्डावर हा रस्ता जुन्या, तिसऱ्या पिढीचा, त्यामुळे ते तुमच्याकडे आणखी मंदावेल.

आता पॉवर सप्लाय. १०५० टीआय बहुतेक वेळा मदरबोर्डच्या स्लॉटमधल्या विजेवरच भागवतं, जेमतेम ७५ वॅट. ६६०० ला १३२ लागतात, म्हणून ८ पिनची वेगळी वायर हवी. माझ्या जुन्या सप्लायला ती नव्हती. मी हुशारी करून मोलेक्सचा (जुन्या ४ पिनच्या वायरीचा) अडॅप्टर लावला. तिसऱ्या दिवशी ऐन गेममध्ये मशीन बंद, आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास! कार्ड वाचलं हे नशीब. तेव्हा खरेदीआधी कॅबिनेट उघडा, ६+२ पिनची (दोन तुकडे मिळून ८ पिन होणारी) वायर आहे का बघा. प्रोसेसरची ८ पिनची वायर तशीच दिसते, ती ही नव्हे. सप्लाय बिननावाचा असेल तर आधी तो बदला, कार्ड पुढच्या महिन्यात.

रॅमची दुसरी ८ जीबीची पट्टी मात्र लगेच घ्या. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दोन्ही बसवा, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा. खर्च थोडा, पण अडखळणं बरंच कमी होतं.

प्रोसेसर पुढेमागे बदलालच. रायझन ५ ५६०० याच बोर्डावर बसतो, फक्त जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करा. मी उलट केलं होतं आणि काळ्या स्क्रीनसमोर अख्खी संध्याकाळ घालवली.