कपडा अंगावर कमी आणि धुण्यातच जास्त झिजतो

ताई, तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी सांगलीला येऊन वर्षही झालं नाही, तोवर कुर्त्यांचे रंग उडाले, टॉवेल पापडासारखे कडक झाले, पांढऱ्या सुती दुपट्ट्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल झाला, आणि आईने दिलेली इरकली साडी कशी जपायची ते कळत नाही. सारखे नवीन कपडे घेणं तुम्हाला पटत नाही. मलाही पटत नाही. माझे वडील विश्रामबागेत शिलाईचं दुकान चालवायचे. दुरुस्तीला आलेले कपडे हाताळतच मी मोठी झाले, आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली. कपडा अंगावर झिजतो त्याहून जास्त बादलीत, मशीनमध्ये आणि दोरीवर झिजतो.

आधी डागाचं बघू, कारण तिथे घाई करून दुपट्टा बिघडवाल. शाळेत हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवून लाल झालेला आठवतोय? तेच झालंय. हळदीतलं कुरकुमिन साबण-सोड्याला लागलं की लाल होतं आणि साबण निघून गेला की परत पिवळं पडतं. डाग वाढलेला नाही, त्यामुळे ब्रशने घासू नका आणि ब्लीच ओतू नका. भाजीचा डाग असेल तर त्यातलं तेल काढायला साबण हवाच. मग गार पाण्यात दोनदा खळबळून घ्या आणि ओला असतानाच डागाची बाजू वर करून कडक उन्हात टाका. हे रंगद्रव्य उजेडात टिकत नाही. माझ्या भाच्याच्या हळदीचा पांढरा झब्बा मी असाच गच्चीवर टाकला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी खिशाच्या शिवणीत तेवढी एक पिवळी रेघ उरली होती, कारण तिथे ऊनच पोचत नव्हतं. खिसा उलटा केला, दुसऱ्या दिवशी तीही गेली.

पण जे ऊन हळद उडवतं, तेच तुमच्या कुर्त्यांचे रंगही उडवतं. पांढरे कपडे, टॉवेल, चादरी खुशाल उन्हात घाला. रंगीत कपडे मात्र उलटे करून सावलीत, वारा लागेल तिथे वाळवा.

टॉवेल कडक होण्यामागे बहुतेक पाणी आहे. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातल्या क्षारांशी साबणाचा चिकट साका होतो आणि तो धाग्यात बसतो. कपडा मळकट दिसला की आपण आणखी पावडर घालतो, तीही नीट निघत नाही आणि कपडा आणखी मळकट दिसतो. म्हणून आधी पावडर कमी करा आणि एकदा जास्त खळबळा. महिन्यातून एखाद्या वेळी टॉवेलांच्या शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला, पण ब्लीचबरोबर ते कधीही नको, विषारी वायू तयार होतो. टॉवेलाला कंडिशनर लावू नका. त्याचा थर बसला की टॉवेल पाणी टिपत नाही.

धुणंच कमी करा, हे माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं. आतले कपडे, मोजे, घामाचे कपडे रोज धुवायलाच हवेत. पण ऑफिसात चार तास घातलेला कुर्ता आल्या आल्या मशीनमध्ये का टाकायचा? रात्रभर हँगरला वाऱ्यावर ठेवा. जीन्स तर बऱ्याचदा घालून मगच, उलटी करून गार पाण्यात धुवा. एका सुती टी-शर्टमागे, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, सुमारे 2,700 लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे. आपल्याच जिल्ह्यात जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे हा आकडा माझ्या मनातून जात नाही.

कापडाची जातही ओळखा. सुती कापड ओलं झालं की उलट मजबूत होतं, म्हणून जुन्या बायका धोपटून धुवायच्या तरी लुगडी टिकायची. रेयॉनचं नेमकं उलटं आहे. ओल्या रेयॉनची ताकद खूप कमी होते. त्या कुर्त्या पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. लेगिंगला गरम पाणी आणि गरम इस्त्री नको, तिचं लवचिक सूत मरतं.

शिवण उसवायला लागली की त्याच दिवशी दोन टाके घाला. मशीनमध्ये गेली की बोटाएवढं भोक वीतभर होतं. कुर्ता शिवून घेताना शिंप्याला शिवणीच्या आत माया, म्हणजे जास्तीचं कापड, भरपूर ठेवायला सांगा. वडील म्हणायचे, माया ठेवली तर कपडा दुसऱ्यांदा जन्माला येतो. दोन वर्षांनी तो सैल करून मिळतो.

आता साडी. इरकलीचं अंग बहुतेक सुती, पदर रेशमी आणि बऱ्याचदा लाल असतो. पांढरा रुमाल ओला करून पदराच्या कोपऱ्यावर दाबून बघा. रंग लागला तर घरी धुवू नका. मिठाच्या पाण्याने कच्चा रंग पक्का होत नाही, मीठ वाया जातं. रंग लागला नाही तर रिठ्याच्या गार पाण्यात हलकेच धुवा, कारण साध्या पावडरीतला खार आणि एन्झाइम रेशमाला खातात. कांजी करून ठेवू नका, तिच्यावर कसर, म्हणजे कापड खाणारा किडा, येते आणि बुरशीही धरते. 2019 च्या महापुरात गावभागातल्या माझ्या मावशीची ट्रंक भिजली होती. उघडली तेव्हा कांजीच्या साड्यांवर काळी बुरशी सगळ्यात दाट होती, आणि एका लाल पदराचा रंग खालच्या तीन साड्यांत उतरला होता. त्या साड्यांची शेवटी वाकळ शिवली. ती अजून मावशीच्या पलंगावर आहे.

तुमची साडी मऊ, जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. डांबराची गोळी ठेवलीच तर कापडात बांधून, साडीला लागणार नाही अशी. आणि दर तीन-चार महिन्यांनी बाहेर काढून वारा द्या, घडी वेगळ्या जागी मोडा. रेशीम आधी घडीच्या रेघेवरच फाटतं.