मामा तलावातली मासेमारी वनखात्याने अडवली, आता काय?

प्रश्न : आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले ढिवर, मासेमारी करणारा समाज. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात आज्या-पणज्यापासून मासे धरतो. यंदा 'हे राखीव जंगल आहे' म्हणून वनरक्षकाने जाळी आणि डोंगा (छोटी होडी) जप्त केला. दंड भरून सही करा, प्रकरण मिटेल, असं सांगतात. काय करावं? आणि पूर्वी ससे, घोरपडही धरायचो, तोही हक्क मागता येईल का?

उत्तर : सहीची घाई करू नका. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 68 खालची ही तडजोड असते. पैसे भरले की प्रकरण बंद होतं हे खरं, पण उद्या तुम्ही हक्काचा दावा लावलात की हाच कागद तुमच्याविरुद्ध पुढे येईल. आधी जप्तीच्या पंचनाम्याची प्रत लेखी अर्ज करून मागा आणि अर्जावर पोच घ्या. पंचनाम्यात वनाचा कक्ष क्रमांक, म्हणजे वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्याचा नंबर, काय लिहिलाय ते बघा, कारण सगळं त्यावर फिरतं.

1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे जमीनदारीसारखी सारावसुलीची पद्धत, संपली आणि मालगुजारांचे हे तलाव सरकारजमा झाले. पुढे कित्येक तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. त्यामुळे पाळ (तलावाचा बांध) आणि काठचं झुडूप वनात, पण पाण्याखालची जमीन महसुली गटात, असंही निघू शकतं. तलाठ्याकडून सातबारा, भूमी अभिलेख कार्यालयातून गटनकाशा घ्या आणि कक्षाच्या नकाशाशी ताडून पाहा. पाणी वनहद्दीबाहेर निघालं तर वाद मासेमारीच्या ठेक्याचा उरतो. ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे ते पाहून तिचं सभासदत्व मागायचं.

पाणी राखीव वनातच असेल, तर वन अधिनियमाच्या कलम 26 नुसार नियमांविरुद्ध मासेमारी गुन्हा आहे. 'आजोबा धरायचे' एवढ्याने तो सुटत नाही. वाट आहे ती वनहक्क कायदा 2006 ची. कलम 3(1)(घ) मध्ये मासे आणि जलाशयातल्या इतर उपजांचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलाय. गावोगावचे दावे इथेच कच्चे राहतात: मोह, तेंदू, डिंक सगळं येतं आणि मासे राहून जातात. मासे गौण वनोपजात मोडत नाहीत, कारण त्यात फक्त झाडापाल्यापासूनची उपज येते. म्हणून सामूहिक दाव्याच्या अर्जात त्यांच्या स्वतंत्र रकान्यात तलावाचं नाव, कक्ष क्रमांक, मासे, शिंगाडा, कमळकांदे, कुठल्या महिन्यात काय काढता, हे सगळं भरा.

ढिवर अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून 13 डिसेंबर 2005 पूर्वीची 75 वर्षं, म्हणजे तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागेल. गावात गोंड (अनुसूचित जमातीतली) कुटुंबं असतील तर त्यांना घेऊन दावा अख्ख्या ग्रामसभेच्या नावाने करा. तो भक्कम होतो. पुरावे किमान दोन हवेत. विदर्भात आपल्याकडे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या हक्कांच्या जुन्या सरकारी नोंदी, असतात. तहसील किंवा जिल्हा अभिलेख कक्षातून त्यांच्या प्रमाणित प्रती काढा. दुसरा पुरावा म्हणजे दावेदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब.

ग्रामसभेला निम्मी उपस्थिती हवी, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया. वनहक्क समितीच्या जागा-पाहणीची सूचना वनखात्याला लेखी द्या, नाहीतर पुढे 'आम्हाला कळवलंच नाही' ही हरकत येते. तिथून दावा उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे जातो. ग्रामसभेचा निर्णय मान्य नसेल तर उपविभागीय समितीकडे 60 दिवसांत, आणि तिचाही पटला नाही तर जिल्हा समितीकडे पुन्हा 60 दिवसांत दाद मागता येते. मात्र दावा दाखल केला म्हणून चालू गुन्हा आपोआप थांबत नाही. त्यासाठी वकील वेगळा लावावा लागेल.

शिकारीचा हक्क मात्र मिळणार नाही. वनहक्क कायद्यानेच शिकार, फासे लावणं, प्राण्याचा कुठलाही अवयव काढणं हक्कांतून साफ वगळलं आहे. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. किमान तीन वर्षं कैद. जाळ्यात कासव आलं तर तिथेच पाण्यात सोडा. ते डोंग्यात सापडलं तर मासेमारीच्या प्रकरणाचं वन्यजीवाच्या गुन्ह्यात रूपांतर होतं आणि मग माशांचा दावाही अडकतो.