आंबवलेला नव्हे, मुरलेला

प्रश्न असा आलाय: चीनच्या युन्नान प्रांतातल्या पुएर चहाच्या वेष्टनावर 'फर्मेंटेड डार्क टी' असं छापलेलं असतं. मराठीत त्याला 'आंबवलेला काळा चहा' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. दोन्ही विशेषणं चुकलीत.

'काळा' झटकन उरकतो. मराठीत काळा चहा म्हणजे बिनदुधाचा, कोरा. शिवाय इंग्रजीतल्या 'ब्लॅक टी'लाही आपण काळाच म्हणतो. तोच चहा चिनी लोकांसाठी होंग-छा, म्हणजे लाल चहा, कारण त्यांनी कपातल्या पाण्याचा रंग पाहिला. इंग्रजांनी सुक्या पानाचा पाहिला. चिनी भाषेत ज्याला शब्दशः काळा चहा म्हणतात तो हेइ-छा वेगळाच. त्याच्या वाट्याला इंग्रजीत 'ब्लॅक' उरला नाही, म्हणून 'डार्क' आला. पुएर या हेइ-छा घराण्यातला. हुनानमधल्या आन-ह्वाच्या विटा, ग्वांग्शीतला ल्यूबाओ, तिबेटकडे जाणारा सिच्वानमधल्या या-आनचा चहा, हे त्याचे भाऊबंद. त्यामुळे दिसेल त्या गडद चहाला पुएर म्हणणंही थांबवावं. चीनच्या 2008 च्या मानकानुसार युन्नानमधल्या ठरावीक प्रदेशातल्या, मोठ्या पानाच्या आणि उन्हात वाळवलेल्या चहालाच ते नाव लावता येतं. (ही मोठ्या पानाची जात म्हणजे आपल्या आसामचीच, 'आसामिका'.)

आता 'आंबवलेला'. 'ब्लॅक टी आंबवलेला असतो, ग्रीन टी नसतो' हे वाक्य आरोग्याच्या सदरांतून इतक्यांदा डोक्यावर आदळतं की शिसारी आली आहे. आसामच्या कारखान्यांत त्या टप्प्याला 'फर्मेंटेशन' म्हणतात हे खरं, पण ती जुनी सवय. तिथे जंतूंचं काही काम नसतं. पान चुरडलं की पानातलीच विकरं (एन्झाइम्स) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने त्याचा रंग पालटतात. चिरलेलं वांगं काळं पडतं तसं. वांगं आंबलं असं कोणी म्हणतं का? हेइ-छामध्ये मात्र बुरशी आणि जिवाणू खरोखर कामाला लागलेले असतात. आन-ह्वाकडच्या फू विटा फोडल्या की आत पिवळेधमक ठिपके दिसतात. चिनी लोक त्यांना 'सोनेरी फुलं' म्हणतात आणि ती जितकी दाट तितकी वीट चांगली मानतात. ती बुरशीच.

तरीही आंबवणे नकोच. संस्कृत अम्ल, प्राकृत अंब आणि मग आपले आंबट, आंबील, आंबोळी असा हा आंबट गोतावळा आहे. पुएर आंबट लागला तर तो बिघडला समजावं. परिभाषाकारांनी यावर 'किण्वन' काढून ठेवलाय. किण्व म्हणजे मद्य गाळताना घालायचं विरजण, कौटिल्याच्या सुराध्यक्षाच्या प्रकरणातलं. घरात चालता-बोलता शब्द असताना गुत्त्यातून शब्द का आणावा, हे त्यांनाच विचारा.

घरातला शब्द म्हणजे मुरणे. त्यातही मराठी क्रियापदाने एक कमाल करून ठेवली आहे. पुएर दोन तऱ्हेचा असतो. एक 'शंग', म्हणजे कच्चा: पान कढईत परतायचं, उन्हात वाळवायचं, वाफ देऊन दाबून चकती करायची आणि ठेवून द्यायची. परंपरेने चकती 357 ग्रॅमची असते आणि सात चकत्यांची चवड बांबूच्या पापुद्र्यात बांधतात. ती वर्षानुवर्षं आपली आपण बदलत राहते, हाँगकाँगच्या दमट हवेत भराभर, युन्नानची राजधानी कुनमिंगच्या कोरड्या हवेत रेंगाळत. दुसरा 'शू', म्हणजे पिकलेला. एवढी वर्षं थांबायला वेळ कोणाला, म्हणून कुनमिंगच्या चहा कारखान्यात 1973 मध्ये 'वो-दुइ' ही रीत बसवली गेली. पानांचा ढीग घालायचा, पाणी शिंपडायचं, वर कापड झाकायचं. आतली उष्णता 50–60 अंशांवर जाते, मग ढीग उलथायचा, पुन्हा झाकायचा. दीडेक महिन्यात काम फत्ते. म्हणजे शंग मुरतो आणि शू मुरवला जातो. जुना शंग मुरलेला, शू मुरवलेला. इंग्रजीला दोन्हीकडे 'फर्मेंटेड' लिहून वर खुलासा करत बसावं लागतं. आपलं काम एका 'व'मध्ये भागतं.

आणि हा चिनी 'शू' नुसता पिकलेला नाही. शिजलेला, ओळखीचा, हात बसलेला हे सगळे अर्थ त्याच एका अक्षरात आहेत. आपल्याकडे लोणचंही मुरलेलं असतं आणि राजकारणीही मुरलेला असतो.

इथे 'मुरब्बी'कडे वळल्यावाचून राहवत नाही. 'मुरलेला तो मुरब्बी, मुरतो तो मुरंबा' अशी व्युत्पत्ती ठोकून देणारे महाभाग आहेत. ती साफ चूक आहे. दोन्ही शब्द अरबी, फारसीतून आलेले, आणि एकाच क्रियापदाचे: रब्बा, म्हणजे वाढवणं, जोपासणं. मुरब्बी म्हणजे जोपासणारा आणि मुरब्बा म्हणजे जोपासला गेलेला. साखरेच्या पाकात आवळ्याचं संगोपन झालंय अशी कल्पना! मुरब्बीचा मूळ अर्थ पालक, आश्रयदाता. गुजराती माणूस आजही वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना 'मुरब्बी' असा मायना घालतो, त्यात अनुभवी असा अर्थ नसून आदर आहे. मग मराठीतच मुरब्बी म्हणजे 'पोचलेला, कसलेला' कसा झाला? माझं मत असं की शेजारच्या मुरणेने त्याला बाटवला. कानाला मुर- ऐकू आलं, लोकांनी लोणच्याच्या बरणीत हात घातला आणि पालकाचा कसलेला गडी झाला. मुरब्बाचा मुरंबा होताना जोडाक्षराचा अनुस्वार झाला तोही याच सलगीत, असं मला वाटतं. निव्वळ उच्चाराच्या सोयीने झाला म्हणणाऱ्यांनी मग डब्बाचा डंबा का झाला नाही तेही सांगावं.

पुएर हे नाव डोंगराचं आहे असं कोणी सांगितलं तर मानू नका. ते बाजाराच्या गावाचं. चहा यायचा तो दक्षिणेकडच्या शीश्वांगबान्नातल्या डोंगरांवरून: यीवू, यीबांग, योउले वगैरे जुने सहा, आणि लानत्सांग, म्हणजेच पुढे मेकाँग होणाऱ्या नदीच्या पश्चिमेचे बुलांग, नाननुओ. पुएरला त्यावर कर बसायचा आणि तिथून खेचरांचे तांडे निघायचे. 1729 मध्ये छिंग दरबाराने पुएर हा जिल्हाच केला. गंमत म्हणजे आज नकाशावर दिसतं ते पुएर शहर म्हणजे पूर्वीचं सिमाओ. 2007 मध्ये त्याने चहाच्या लौकिकापायी नाव बदललं, आणि मूळचं पुएर निंग-अर होऊन बसलं. त्याच वर्षी पुएरच्या भावांचा फुगा फुटला. ओलसर कोठारात कोंडून नव्या चहाला म्हातारा म्हणून खपवणारे त्या धंद्यात आजही आहेत. तिथे पाणी कुठे मुरतंय ते अक्षरशः हुंगून कळतं: कुबट वास आला की समजायचं. उलट चांगल्या जुन्या ल्यूबाओच्या वासाला चिनी रसिक सुपारीचा वास म्हणतात. कोकणातल्या वाचकांनी तरी तो चाखून खरंखोटं कळवावं.

आणि हो, 'डार्क'. त्याला 'गडद' घ्या.