घड्याळाने मोजलेली झोप

प्रश्न : माझे वय ५२ आहे. गेले ८ महिने आठवड्यातील चार-पाच रात्री मला धड झोप लागत नाही. रात्री १० वाजता अंथरुणाला पाठ टेकते. पण मध्यरात्र उलटेपर्यंत कूस बदलत राहते आणि पहाटे पुन्हा टक्क जागी होते. मुलाने आणलेले स्मार्टवॉच रोज सकाळी ‘गाढ झोप ३८ मिनिटे’ असे काहीतरी दाखवते आणि तो आकडा पाहून दिवसच बिघडतो. निद्रानाशावर मोबाइलवरून उपचार होतात, असे ऐकले. गोळ्या सुरू करण्याआधी ते करून पाहावेत का? आणि या घड्याळावर कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर : प्रथम घड्याळाविषयी. झोपेच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली आणि स्नायूंचा ताण नोंदवून झोपेचे टप्पे ठरवतात. मनगटावरचे घड्याळ मुख्यतः हाताची हालचाल आणि नाडी यांवरून त्यांचा अंदाज बांधते. त्यामुळे तुम्ही जाग्या असूनही निश्चल पडून राहिलात, तर तो वेळ झोपेत धरला जाण्याची शक्यता मोठी असते. गाढ झोपेची मिनिटे तर अंदाजाचाही अंदाज. आकड्यांच्या चिंतेनेच झोप उडालेल्या रुग्णांचे वर्णन संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ या नावाने केले होते. तुमचे पत्र वाचताना त्याचीच आठवण झाली. तेव्हा तूर्त तो आकडा पाहू नका आणि साध्या वहीत, सकाळी उठल्यावर, अंदाजानेच, चार गोष्टी लिहा : अंथरुणावर कधी गेलात, डोळा साधारण कधी लागला, मध्ये किती वेळ जाग होती आणि कधी उठलात. रात्री वेळ पाहायची नाही.

या वहीवरच पुढचा उपचार उभा राहतो. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिन्यांहून अधिक काळ चालणाऱ्या निद्रानाशावर बोधात्मक वर्तनोपचार (झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याचा, गोळ्यांविना उपचार) हा पहिला उपचार असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. तोच उपचार टप्प्याटप्प्याने अ‍ॅपवरून देता येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये ‘सॉमरिस्ट’ या अशा अ‍ॅपला परवानगी दिली, तर उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये ‘स्लीपिओ’ या अ‍ॅपची शिफारस केली. पावसाचा आवाज ऐकवणारी अ‍ॅप वेगळी. ती वाईट नाहीत, पण त्यांना उपचार म्हणता येणार नाही.

खऱ्या उपचारातला सर्वांत परिणामकारक भाग ऐकून बहुतेक जण बिचकतात, कारण त्यात झोपायचा वेळ वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. समजा, तुम्ही १० ते साडेसहा म्हणजे साडेआठ तास अंथरुणात असता आणि वहीनुसार सरासरी झोप साडेपाच तास होते. याचा अर्थ अंथरुणातला जेमतेम ६५ टक्के वेळ झोपेचा. मग उठण्याची वेळ ६ ठरवून, साडेबारापूर्वी अंथरुणावर जायचेच नाही. हे प्रमाण आठवडाभर ८५ टक्क्यांच्या वर राहिले, की पंधरा मिनिटे वाढवून मिळतात. जोडीला एक नियम : वीसेक मिनिटांत झोप आली नाही असे वाटले, तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे आणि पेंग आल्यावरच परतावे. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येते, चिडचिड होते, आणि नेमके तेव्हाच अनेक जण सोडून देतात. एकूण कार्यक्रम मात्र साधारण सहा ते आठ आठवड्यांचा असतो.

अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली कधीही नेऊ नये. अपस्मार (फिट येणे) किंवा द्विध्रुवीय विकार (बायपोलर) असल्यास, अथवा रोज लांब पल्ल्याचे वाहन चालवावे लागत असल्यास, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. झोपेत मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडखळणे असे घरच्यांनी पाहिले असेल, तर आधी त्याची तपासणी करून घ्यावी, कारण तिथे दुखणे वेगळे असते. झोपेच्या गोळ्या आधीपासून घेणाऱ्या वाचकांनी अ‍ॅप सुरू केले म्हणून त्या एकदम बंद करू नयेत.

घड्याळाचा गजर मात्र जरूर वापरा : सकाळी ६चा, सुटीच्या दिवशीही.